पक्षनिष्ठा आणि ख्रिस्तनिष्ठा

लॉर्ड मॅके ऑफ क्लॅशफर्न हे नाव आपल्या वाचकांना फारसे परिचित नसेल. १९८७ ते १९९७ या काळात ते ब्रिटनचे लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तेथील न्यायव्यवस्थेतील सर्वोच्च पदावरील गृहस्थ होते. स्कॉटलंडमधील फ्री प्रेस्बिटेरियन चर्च या लहानशा आणि अत्यंत कर्मठ सुधारणावादी मंडळीचे ते वडीलजन होते. न्यायक्षेत्रातील त्यांचे सहकारी असलेले दोन कॅथलिक न्यायाधीश थोड्या अंतराने निवर्तले. मॅके त्यांच्या मृतांसाठीच्या मिस्साला उपस्थित राहिले. मित्राला अखेरचा निरोप द्यावा, एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु मिस्सा ही मूर्तिपूजा आहे असे मानणाऱ्या त्यांच्या मंडळीने त्यांना वडीलजनाच्या पदावरून दूर केले व प्रभुभोजनाच्या मेजापासूनही बाजूला ठेवले. १९८९ साली मंडळीच्या सिनडने ही शिक्षा कायम केली. ती अनेकांना असह्य झाली. ते बाहेर पडले आणि त्याच वर्षी असोसिएटेड प्रेस्बिटेरियन चर्चेस ही आणखी एक मंडळी जन्माला आली.

मृत मित्रासाठी चर्चमध्ये जाऊन बसणे पाप आहे की नाही, या प्रश्नावर एका मंडळीच्या दोन मंडळ्या झाल्या!

हे वाचून आपल्यापैकी काहीजण गालातल्या गालात हसतील. "बघा, रोम सोडले की असेच होते," असेही म्हणतील. त्या हसणाऱ्यांशी आणि ज्यांना हसले जाते त्यांच्याशीही मला या लेखात भांडायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: सत्यासाठी झगडणे हा ख्रिस्ती माणसाचा धर्म आहे, पण पक्षासाठी झगडणे हा नव्हे. आणि पक्ष नेहमी सत्याचाच झगा घालून वावरत असल्यामुळे तो ओळखण्याची शिकस्त आपण केली पाहिजे. सुधारणावादी इव्हॅन्जेलिकल परंपरेचा इतिहास हा या बाबतीत एक उघडा ग्रंथ आहे. तो आपण वाचावा, पण आरसा म्हणून वाचावा.

स्कॉटलंडची कहाणी अशी. तेथे गावच्या चर्चसाठी पाळक नेमण्याचा अधिकार १७१२ च्या कायद्याने पुन्हा जमीनदारांच्या हाती आला. ख्रिस्ताच्या मंडळीचा पाळक जमीनदाराने ठरवायचा, हे कित्येकांना मानवले नाही. १७३३ साली एबेनेझर अर्स्किन व त्यांचे सहकारी या प्रश्नावर बाहेर पडले. त्यांची तक्रार खरी होती, हे कोणताही निःपक्षपाती माणूस मान्य करील. पण पुढे काय झाले? एडिंबरो, ग्लासगो आणि पर्थ या शहरांत नागरिकत्वाचे हक्क मिळविताना एक शपथ घ्यावी लागे. तीत राज्यात मानल्या जाणाऱ्या खऱ्या धर्माला मान्यता होती. ही शपथ घेणे म्हणजे ज्या मंडळीतून आपण बाहेर पडलो तिलाच मान्यता देणे होय काय, या वादावरून १७४७ साली हे बाहेर पडलेलेही दुभंगले. शपथ चालते म्हणणारे बर्घर आणि चालत नाही म्हणणारे अँटीबर्घर. अँटीबर्घरांनी बर्घरांना बहिष्कृत केले, आणि त्या बहिष्कृतांत खुद्द अर्स्किनही होते! पन्नासएक वर्षांनी बर्घरांत 'जुना प्रकाश' आणि 'नवा प्रकाश' असे दोन तट पडले. थोड्याच वर्षांत अँटीबर्घरांतही तेच झाले. एका प्रश्नावर निघालेल्या एका गटाचे सत्तर-ऐंशी वर्षांत चार गट झाले. प्रत्येकाकडे प्रकाश होता. अंधार कोणाकडे होता, हे मात्र प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बोट दाखवून सांगत होता.

याच प्रश्नाचा मोठा स्फोट १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथे झाला. थॉमस चामर्स यांच्या नेतृत्वाखाली साडेचारशेहून अधिक पाळकांनी राज्यमान्य मंडळीचा त्याग केला आणि फ्री चर्चची स्थापना केली. त्यांनी घरे सोडली, वेतने सोडली, चर्चच्या वास्तू सोडल्या. हा त्याग लहान नव्हता. त्यापुढे मी आदराने मस्तक नमवितो.

या फुटीची लाट आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावरही येऊन आदळली. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले होते. मराठी व संस्कृतचे अभ्यासक म्हणून आणि शिक्षणप्रसारक म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आजही गिरगाव चौपाटीवर उभे आहे. १८४३ मध्ये विल्सन, त्यांचे मुंबईतील सहकारी आणि कलकत्त्याचे अलेक्झांडर डफ यांच्यासह भारतातील स्कॉटिश मंडळीचे सर्व मिशनरी फ्री चर्चमध्ये गेले. साहजिकच संस्था दुभंगल्या. कलकत्त्यात डफ यांनी स्वतः नावारूपाला आणलेली शाळा जुन्या मंडळीकडे राहिली आणि त्यांना नव्याने दुसरी शाळा उघडावी लागली. मुंबईतही जुन्या मंडळीची एक संस्था आणि फ्री चर्चची दुसरी, असे दोन संसार मांडले गेले. त्याच १८४३ साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविणारे हेच ते नारायण शेषाद्री. या तरुणाने जातीचा त्याग करून, आप्तांचा रोष पत्करून ख्रिस्ताला कवटाळले. आणि ज्या घरात त्याने पाऊल टाकले त्या घराची त्याच वर्षी वाटणी झालेली होती. ती वाटणी कशासाठी? स्कॉटलंडच्या खेड्यातील पाळक तेथल्या जमीनदाराने नेमावा की नेमू नये यासाठी. गिरगावात कोणता जमीनदार होता? जालन्यात कोणता होता?

आता या कहाणीतील मर्माचा भाग ऐका. जमीनदारांचा तो अधिकार ब्रिटिश पार्लमेंटने १८७४ साली रद्द केला. भांडणाचे मूळ कारणच नाहीसे झाले. मग दोन्ही मंडळ्या दुसऱ्या दिवशी एकमेकींच्या गळ्यात पडल्या काय? नाही. बहुसंख्यांचे पुनर्मीलन व्हायला १९२९ साल उजाडावे लागले. पंचावन्न वर्षे! मधल्या काळात १८९३ साली फ्री चर्चमधून फ्री प्रेस्बिटेरियन फुटले. १९०० साली फ्री चर्चच्या बहुसंख्यांनी दुसऱ्या एका मंडळीशी ऐक्य केले, तेव्हा मूठभर लोक मागे राहिले. १९०४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सारी मालमत्ता त्या मूठभरांच्या पदरात टाकली. ती वाटून देण्यासाठी पुढच्या वर्षी पार्लमेंटला वेगळा कायदा करावा लागला. कारण मेले तरी पक्ष जगतो, याहून अधिक स्पष्ट पुरावा कोणता हवा? पक्षाला जगण्यासाठी कारणाची गरज नसते. त्याला सभागृह, शाळा, खजिना, निवृत्तिवेतन आणि पूर्वजांच्या त्यागाच्या कथा एवढे पुरेसे असते.

पक्ष ओळखण्याची पहिली खूण ही झाली. दुसरी खूण समजून घेण्यासाठी अमेरिकेत जाऊ.

प्रिन्स्टन सेमिनरीतील प्राध्यापक ग्रेशम मेचन हे थोर विद्वान. ख्रिस्ताचा कुमारीगर्भातील जन्म, त्याचे सदेह पुनरुत्थान या गोष्टी ऐच्छिक मानू पाहणाऱ्या उदारमतवाद्यांशी त्यांनी झुंज घेतली. या झुंजीत कोणताही कॅथलिक धर्मगुरू मेचन यांच्याच बाजूला उभा राहील. १९२९ साली त्यांनी वेस्टमिन्स्टर सेमिनरी स्थापन केली आणि जून १९३६ मध्ये नवी मंडळी. १ जानेवारी १९३७ रोजी मेचन वारले. त्याच वर्षी, त्यांची मंडळी पुरते एक वर्षही वयाची नसताना, कार्ल मॅकिन्टायर व त्यांचे अनुयायी बाहेर पडले. ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा अर्थ कसा लावावा आणि ख्रिस्ती माणसाने मद्याला स्पर्श करावा की नाही, हे त्यांच्या वादाचे विषय होते. १९५६ साली मॅकिन्टायर यांची मंडळीही फुटली. पुनरुत्थानापासून सुरू झालेला वाद मद्याच्या पेल्यापर्यंत आला! पक्षाची दुसरी खूण ही की, त्याचे प्रश्न दिवसेंदिवस लहान होत जातात आणि आवाज मात्र तेवढाच मोठा राहतो.

तिसरी खूण सर्वांत घातक. मी चुकीच्या माणसापासून दूर राहीन, हे पहिले पाऊल. जो चुकीच्या माणसापासून दूर राहत नाही, त्याच्यापासूनही मी दूर राहीन, हे दुसरे. १८ ऑक्टोबर १९६६ रोजी लंडनच्या सेंट्रल हॉलमध्ये इव्हॅन्जेलिकल पुढाऱ्यांची सभा भरली होती. वेल्सचे विख्यात उपदेशक मार्टिन लॉइड-जोन्स यांनी सर्व इव्हॅन्जेलिकल लोकांना आवाहन केले, की सरमिसळ झालेल्या मंडळ्या सोडा आणि एकत्र या. सभेचे अध्यक्ष अँग्लिकन पाळक जॉन स्टॉट हे होते. त्यांनी तेथल्या तेथे जाहीर मतभेद नोंदविला. दोघांचीही श्रद्धा तीच होती. दोघेही पवित्र शास्त्राला शिरोधार्य मानणारे होते. प्रश्न एवढाच होता, की चुकणाऱ्यांच्या घरात राहून साक्ष द्यायची की बाहेर पडून. चार वर्षांनी जेम्स पॅकर यांनी दोन अँग्लो-कॅथलिकांसह एक पुस्तक लिहिले. पॅकर आणि लॉइड-जोन्स यांनी वीस वर्षे मिळून चालविलेली प्युरिटन परिषद त्या पुस्तकापायी १९७० साली संपुष्टात आली. पुढे तीच परिषद दुसऱ्या नावाने पॅकर यांच्यावाचून सुरू झाली. पॅकर यांनी सिद्धांत बदलला नव्हता, सोबत बदलली होती. आणि पक्षाच्या न्यायालयात सोबतीचा गुन्हा हा सिद्धांताच्या गुन्ह्याहून मोठा असतो. लॉर्ड मॅके यांनाही याच कलमाखाली शिक्षा झाली.

यावर सुधारणावादी बंधू म्हणतील, "फादर, तुम्हांला शांतता प्यारी आहे, आम्हांला सत्य. सत्यासाठी फूट पडली तर पडू द्या." हा आक्षेप वजनदार आहे, त्याला उडवून लावणे योग्य नव्हे. त्याचे उत्तर मी इतिहासातूनच देतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस देवाची कृपा आणि मानवाचे स्वातंत्र्य यांचा मेळ कसा घालायचा, या एकाच गहन प्रश्नावर दोन घरांत जवळजवळ एकाच वेळी वणवा पेटला. हॉलंडमध्ये आर्मिनियसचे अनुयायी आणि कट्टर काल्व्हिनवादी एकमेकांसमोर उभे ठाकले. १६१८-१९ च्या डॉर्ट येथील सिनडने आर्मिनियसवाद्यांना दोषी ठरविले. सुमारे दोनशे पाळकांना पदे गमवावी लागली. त्यांना आश्रय देणारे वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डेनबार्नेव्हेल्ट यांचा मे १६१९ मध्ये शिरच्छेद झाला. त्यात राजकारणही होतेच. विद्वान ग्रोशियस तुरुंगात पडला आणि पुढे पुस्तकांच्या पेटीत लपून निसटला.

इकडे कॅथलिक घरात हेच भांडण डोमिनिकन आणि जेज्वीट यांच्यात माजले होते. डोमिनिकन बान्येझ जेज्वीट मोलिनाला पाखंडी ठरवू पाहत होते, आणि जेज्वीटही गप्प बसलेले नव्हते. रोममध्ये सुमारे दहा वर्षे खल चालला. अखेर १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी निर्णय दिला, की दोघांनीही आपापले मत शिकवावे, पण कोणीही दुसऱ्याला पाखंडी म्हणू नये. प्रश्न सुटला नाही. तो आजही सुटलेला नाही. सेमिनरीत आम्ही दोन्ही मते शिकलो, त्यांवर तासन्‌तास वाद घातले आणि मग एकाच वेदीभोवती उभे राहिलो. सत्याचा अपमान झाला काय? मला तर वाटते, सत्याचा तो सन्मान होता. देवाचे रहस्य आपल्या ओंजळीहून मोठे आहे, हे मान्य करणे म्हणजे सत्याशी प्रतारणा नव्हे.

येथपर्यंत माझ्या कॅथलिक वाचकांना लेख गोड लागला असेल. आता थोडे कडू प्यावे लागेल.

"प्रॉटेस्टंटांचे तेहेतीस हजार पंथ आहेत," हे वाक्य आपल्याकडे व्याख्यानांत सर्रास फेकले जाते. हा आकडा २००१ सालच्या एका ख्रिस्ती विश्वकोशातला आहे. त्या विश्वकोशाने प्रत्येक देशातील मंडळी स्वतंत्र धरली होती. त्या हिशेबाने आपली एकमेव, पवित्र, कॅथलिक ख्रिस्तसभाही दोनशेहून अधिक वेळा मोजली गेली होती! शिवाय त्या आकड्यात ऑर्थोडॉक्स आहेत आणि आफ्रिका-आशियातील असंख्य स्वतंत्र मंडळ्याही आहेत. खोट्या आकड्याने खऱ्या ख्रिस्तसभेची बाजू मांडणे हेही पक्षाचेच लक्षण आहे.

आणि आपला स्वतःचा इतिहास? पाद्रोआदो आणि प्रोपगांडा यांचे भांडण आपण विसरलो काय? बिशप कोणी नेमावा, पोर्तुगालच्या राजाने की रोमने, यावरून १७९४ पासून मुंबई बेटावरील चर्चेसची वाटणी झालेली होती. एकच मिस्सा, एकच श्रद्धा, आणि तरीही दोन अधिकारक्षेत्रे. १८५३ साली माहीमचे संत मायकेल चर्च पाद्रोआदोकडे जाऊ नये म्हणून बिशप हार्टमन आपल्या माणसांसह त्या चर्चमध्ये स्वतःला कोंडून कित्येक दिवस बसले. अखेर इंग्रज सरकारला मध्ये पडावे लागले. कॅथलिकांच्या देवळाचा ताबा कोणत्या कॅथलिकांकडे, हे प्रॉटेस्टंट सरकारने ठरविले! ही दुहेरी सत्ता १९२८ च्या कराराने संपली. बिशप की जमीनदार, लिस्बन की एडिंबरो, एवढाच काय तो फरक. मग हसायचे कोणाला?

मॅके यांच्या मंडळीच्या कठोरपणावर बोट ठेवताना हेही ध्यानात ठेवावे, की १९१७ च्या आपल्या धर्मसंहितेतील १२५८ वे कलम कॅथलिकांना अन्यमंडळीच्या उपासनेत सक्रिय भाग घेण्याची मनाई करीत होते. लग्नाला किंवा अंत्यविधीला नुसती औपचारिक हजेरी लावायची, तीही गंभीर कारण असेल तरच. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने नोव्हेंबर १९६४ मध्ये ख्रिस्ती ऐक्यावरील आदेशपत्रात स्पष्ट सांगितले, की फुटीचा दोष दोन्ही बाजूंच्या माणसांकडे जातो आणि त्या मंडळ्यांत जन्मलेले बाप्तिस्माधारी आपले बंधू आहेत. ती शहाणीव आपल्यालाही उशिराच आली.

वाचकहो, हे सारे दूरदेशीचे आणि जुन्या काळचे वाटत असेल, तर आपल्या धर्मग्रामांकडे पाहा. गेल्या काही दशकांत आपल्या कित्येक घरांतील एखादा मुलगा, एखादी सून नव्या फेलोशिपमध्ये गेलेली आहे. या फेलोशिप प्रेस्बिटेरियनांसारख्या नव्हेत. त्या बहुतेक पेन्टेकॉस्टल वळणाच्या आहेत. पण "बाहेर या, वेगळे व्हा" हा मंत्र तोच आहे. म्हणून जन्मदात्या आईची शवपेटी चर्चमध्ये नेली जाते आणि मुलगा कुंपणाबाहेर उभा राहतो. आत पाऊल टाकले तर पाळक काय म्हणतील, ही त्याला भीती. अशा मुलाला मी विचारतो, ज्या प्रभूने लाजराच्या थडग्यापाशी अश्रू ढाळले, तो तुला आईच्या शवपेटीपासून दूर उभे राहायला सांगेल काय? तुला बाहेर ठेवणारा प्रभू आहे, की पक्ष?

पण प्रश्न एवढ्यावर संपत नाही. तोच मुलगा उद्या स्वतः मरण पावतो, तेव्हा त्याचे चुलते आणि भाऊ घरात बसून राहतात. "त्याने धर्म सोडला, आम्ही कशाला जायचे?" त्याला लग्नाचे बोलावणे नसते, आजारपणात विचारपूस नसते. १९८३ ची आपली धर्मसंहिता ११८३ व्या कलमात बिशपांच्या अनुमतीने कॅथलिकेतर बाप्तिस्माधारी व्यक्तीचाही अंत्यविधी करण्यास मुभा देते. अट एवढीच, की त्याची इच्छा तशी नव्हती असे नसावे आणि त्याच्या मंडळीचा सेवक उपलब्ध नसावा. ख्रिस्तसभेने दार किलकिले केलेले असताना आपण आतून कडी का घालतो?

आणि ज्यांच्या घरातून कोणीही फेलोशिपला गेलेले नाही, त्यांनीही निश्चिंत राहू नये. करिंथ येथे प्रेषित पौलाच्या नावाने एक गट होता, अपुल्लोसाच्या नावाने दुसरा, केफाच्या नावाने तिसरा. या तिघांत पंथभेद मुळीच नव्हता! तिघेही एकाच मंडळीचे सेवक होते. आपल्याकडेही अमुक रिट्रीट केंद्राचे लोक तमुक केंद्राला जाणाऱ्यांना "आत्म्याने न भरलेले" म्हणतात. मागच्या फादरांची माणसे नव्या फादरांना पहिले वर्षभर मुकाट्याने जोखतात. गायनमंडळाच्या वादात घरेच्या घरे मिस्साला शेजारच्या गावी जातात. आम्ही धर्मगुरूही यातून सुटलेलो नाही. आपल्याभोवती आपले म्हणविणारे लोक जमले, की आम्हांलाही ते गोड लागते. पौलाला ते गोड लागले नाही. आपल्या नावाने पक्ष निघाल्याचे कळताच त्याने रागाने विचारले, की तुमच्यासाठी क्रुसावर कोण खिळला गेला?

हाच प्रश्न प्रत्येक वादाला लावून पाहावा. ज्या मुद्द्यावर आपण तुटायला निघालो आहोत, त्याचे कारण उद्या नाहीसे झाले तर आपण परत एकत्र येऊ काय? की आपल्याला आता वेगळेपणच प्रिय झाले आहे? विरोधकाची बाजू त्याला पटेल अशा शब्दांत आपण मांडू शकतो काय? आपल्या पक्षातील माणसाची चूक आपण तितक्याच मोठ्या आवाजात बोलून दाखवितो काय? या प्रश्नांना ज्याला सरळ उत्तर देता येत नाही, त्याने सत्याचे नाव घेण्यापूर्वी थोडे थांबावे.

आपल्या देशात ऐक्याचा मार्गही काहींनी चालून दाखविला आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांनी आपापली जुनी नावे खाली ठेवून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. त्या ऐक्यात दोष नाहीत असे नाही. मालमत्तेचे खटले तेथेही आहेत. पण नावे खाली ठेवता येतात, हे त्यांनी सिद्ध केले.

मरणाच्या आदल्या रात्री आपल्या प्रभूने पित्याजवळ मागणे मागितले ते आपण एक व्हावे म्हणून. ते मागणे आमच्या गटासाठी नव्हते आणि त्यांच्या गटासाठीही नव्हते. येत्या नोव्हेंबरात आपण मृतांच्या थडग्यांवर फुले वाहू, मेणबत्त्या लावू. त्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने तुटलेल्या एका तरी घरी जाऊन यावे. वादात कोण जिंकला याची चर्चा तेथे करू नये. पाणी मागावे, पाच मिनिटे बसावे आणि पुढच्या कार्याचे आमंत्रण देऊन यावे. धर्मगुरू या नात्याने यंदा मी माझ्या लोकांना एवढेच सांगणार आहे.